शिराजचा घोट आणि डॉगरीजचं मूळ



काल शिराजच्या अर्ध्या एकराची फळछाटणी उरकली. पेस्टिंग करून गडी बांधावर पाणी प्यायला बसले, तेव्हा यंदाच कामाला आलेल्या एका पोरानं विचारलं, "काका, या खुंटाला डॉगरीज का म्हणतात? कुत्र्याचा काय संबंध?" सगळे हसले, मीपण हसलो. पण खरं सांगू का, पंचवीस-तीस वर्षं हा शब्द दिवसातून दहादा तोंडात असूनही चार वर्षांपूर्वीपर्यंत मलाच त्याचं उत्तर माहीत नव्हतं. ते मला कुठल्या चर्चासत्रात कळलं नाही, वाईनच्या ग्लासात कळलं. ती गोष्ट आज लिहितो. लांब आहे, सवडीनं वाचा.

आधी एक सांगून ठेवतो. ही पोस्ट पिण्याची जाहिरात नाही. आमच्या घरात आबा माळकरी, आषाढीची वारी चुकवत नाहीत. वाईन दारू की द्राक्षाचा रस, हा वाद २०२२ साली सरकारनं सुपरमार्केटात विक्रीचं काढलं तेव्हा आमच्या ओट्यावरही झाला. आबांनी एकच विचारलं, "रस आहे तर पोरांना का देत नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हा तो वाद बाजूला ठेवू. आपलं बोलणं बागेचं आहे.

२००१ साली राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं. विंचूरला आणि पलूसला वाईन पार्क झाले. त्याआधी दोन-तीन वर्षं नाशिकजवळ सुलाच्या वाईनच्या बागा उभ्या राहिल्या होत्या आणि आमच्याकडचे लोक मुद्दाम गाडी थांबवून त्या बघायचे. एवढाले बारीक मणी, त्यात बी, जाड साल. थॉम्पसन आणि सोनाकावर वाढलेल्या माणसाला ती द्राक्षं बघून हसूच यायचं. पण करार होता, भाव आधीच ठरलेला, मण्याची साईज करायची कटकट नाही, थिनिंग नाही, डिपिंग नाही, पॅकिंग नाही. २००४ ला मी दोन एकर शिराज लावली. रूटस्टॉक कुठला, हा प्रश्नसुद्धा कुणी विचारला नाही. सगळ्यांचा डॉगरीज, माझाही डॉगरीज. फेब्रुवारीत खुंट लावले, पावसाळा सरताना पाचर कलम केलं.

तीन हंगाम बरे गेले. २००९ ला गाडी आली नाही. आधी म्हणाले आठवड्यानं, मग म्हणाले टाक्या भरल्यात, मग फोन उचलणं बंद. मुंबईचा हल्ला झाला होता, जगभर मंदी होती, हॉटेलं रिकामी होती, वाईन पडून होती. हे सगळं नंतर समजलं. त्या वेळी एवढंच दिसत होतं की घड वेलीवर सुकतायत. वाईनचं द्राक्ष बाजार समितीत न्यायची सोय नाही, कारण ते खायला कोण घेणार? बेदाण्यालाही चालत नाही. कंपनीचं नाव घेत नाही. त्या साली माझ्यासारखे बरेच जण होते. २०१० च्या एप्रिलमध्ये दीड एकर मुळासकट उपटली. अर्धा एकर राहिली ती आबांमुळं. ज्या माणसानं वाईनला कधी बोट लावलं नाही, तोच म्हणाला, "वेलीचा काय दोष? राहू दे एवढी." त्या अर्ध्या एकराचा माल तेव्हापासून एका छोट्या वाईनरीला जातो. भाव जेमतेम. पण पैसे वेळेवर.

आता गंमत बघा. इतकी वर्षं शिराज पिकवली, पण त्याची वाईन मी चाखलेली नव्हती. उसाला गोडी किती हे आपण कांडं चावून सांगतो, गव्हाची चपाती खाऊन बघतो. आणि या पिकाचं शेवटी काय होतं, ते मला ठाऊक नव्हतं. त्या छोट्या वाईनरीत वाईन बनवणारी मुलगी सांगलीकडची, द्राक्षबागायतदाराच्याच घरातली. चार वर्षांपूर्वी माल टाकायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "काका, आज चाखायलाच लावते तुम्हाला. घोट घ्यायचा आणि थुंकायचा. गिळायचं काही बंधन नाही." म्हटलं, थुंकायचंच असेल तर आबांनाही सांगता येईल.

तिनं तीन बाटल्या कागदात गुंडाळून ठेवल्या. तिन्ही शिराजच. एक माझ्या बागेची, एक शेजारच्या गावातल्या ११० आर या खुंटावरच्या बागेची, आणि एक फ्रान्सची, ऱ्होन नदीच्या काठावरची. कुठली कोणती ते सांगितलं नाही. आधी ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग बघायचा, मग फिरवून वास, मग घोट तोंडात सगळीकडे खेळवायचा, जिभेच्या कडांना आणि हिरड्यांना काय होतं त्याकडे ध्यान द्यायचं. ती म्हणाली, इंग्रजी फळांची नावं शोधू नका, तुमच्या ओळखीची सांगा.

पहिली वाईन गडद, पण कडेला विटकरी झाक. वास पिकलेल्या जांभळाचा, थोडा मनुक्याचा. घोट घेतला तर तोंडात नुसती पसरली. चिंच-गूळ घालायला विसरलेली आमटी असते ना, तसं. दुसरीचा रंग जांभळा, उजळ. घोट घेताच जिभेच्या कडा ओल्या झाल्या, करवंद आठवलं. तिसरी सगळ्यात पातळ, पण तिच्यात काळी मिरी. उपमा नाही हं, खरोखरच काळी मिरी. ती म्हणाली, बरोबर ओळखलंत. मिरीत जो वासाचा घटक असतो, रोटंडोन, तोच शिराजच्या सालीत असतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली हे दाखवून दिलं. थंड जागी तो जास्त तयार होतो, आपल्या उन्हात कमी.

मग विचारलं, तुमची कुठली? मी छाती पुढे काढून दुसऱ्या ग्लासावर बोट ठेवलं. माझी पहिली होती.

स्वतःच्या बैलाला बाजारात ओळखू नये तसं झालं. वर ती चवीला सपाट. ती पोरगी शहाणी, माझ्या तोंडाकडे बघून लगेच म्हणाली, "काका, मेहनतीत कमी नाही. मुळाचा फरक आहे." कपाटातून माझ्याच मालाचे कागद काढले. ब्रिक्स २४, झकास. सामू ३.९ च्या वर. तिला हवा असतो साडेतीनच्या आसपास.

झालं असं होतं. डॉगरीज जोमानं वाढतो, क्षारपड जमिनीत आणि खाऱ्या पाण्यात तग धरतो, म्हणून तर आपण तो घेतला. पण तो जमिनीतून पालाशही भरपूर ओढतो. तो पालाश मण्यात उतरला की टार्टारिक आम्लाशी बांधला जातो, त्याचे खडे होऊन वाईनच्या टाकीच्या तळाशी बसतात. आम्ल घटतं, सामू चढतो, रंग मळतो, वाईन लवकर बिघडायची भीती वाढते. खायच्या द्राक्षात हे आपल्याला जाणवतच नाही, उलट आंबटपणा कमी म्हणून गिऱ्हाईक खूश. आणि मी काय करत होतो? थॉम्पसनच्या सवयीनं मणी फुगताना शिराजलाही ०-०-५० सोडत होतो. देठ परीक्षणात पालाश दरवर्षी जास्त यायचा आणि मला वाटायचं, चला, बाग सशक्त आहे.

निघताना मी विचारलं, हा डॉगरीज आपल्याकडे आला तरी कुठून? ती म्हणाली, मूळचा टेक्सासचा, अमेरिकेतला. पण तो जगाच्या उपयोगाला का आला हे समजायचं तर तुम्ही चाखलेल्या तिसऱ्या बाटलीच्या गावाकडे जावं लागेल. त्यानंतर वर्षभर जे मिळेल ते वाचलं, तिला विचारत राहिलो. त्यातलं जे पक्कं ठाऊक झालं ते आता सांगतो.

ऱ्होन नदी फ्रान्सच्या दक्षिणेला समुद्राला मिळते. तिच्या काठी रोकमोर नावाचं गाव आहे. १८६२ साली तिथल्या बोर्ती नावाच्या वाईन व्यापाऱ्याला न्यूयॉर्कहून एका ओळखीच्या माणसानं अमेरिकन द्राक्षवेली भेट पाठवल्या. हौस म्हणून त्यानं त्या परसात लावल्या. वर्षभरात आसपासच्या बागांमध्ये वेली पिवळ्या पडायला लागल्या. आधी एक, मग तिच्या भोवतालच्या, मग तेलाचा डाग कापडावर पसरावा तसं. मेलेली वेल उपटून बघितली तर मुळं कुजून काळी, आणि कीड म्हणाल तर एकही नाही. कुणी म्हणालं हवामान, कुणी म्हणालं जमीन थकली, कुणी म्हणालं देवाचा कोप.

१८६८ च्या जुलैमध्ये माँपेलिएचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्लान्शाँ आणि त्यांचे दोन सोबती पाहणीला आले. त्यांनी साधीच पण अक्कलेची गोष्ट केली. मेलेली वेल सोडून शेजारची हिरवीगार, निरोगी दिसणारी वेल खणली. मुळांवर पिवळ्या बारीक किड्यांचा थर. मेलेल्या मुळात रस नसतो, म्हणून किडा आधीच पुढच्या वेलीवर गेलेला असायचा. आपल्या कृषी सहायकांना मी ही गोष्ट नेहमी सांगतो: नमुना मेलेल्या झाडाचा घेऊ नका, कडेच्या हिरव्या झाडाचा घ्या.

हा किडा म्हणजे फायलोक्झेरा. आपल्या माव्याचा दूरचा भाऊ म्हणा, पण मुळावर बसणारा. मुळाला टोचतो, तिथं गाठी येतात, गाठीतून सड शिरते. अमेरिकेत हा किडा आणि रानवेली हजारो वर्षं शेजारी राहिलेल्या, त्यामुळं तिथल्या मुळांना जखमेभोवती बुचासारखा थर धरायची सवय. युरोपच्या वेलीला ही ओळखच नव्हती. मिसूरी राज्याचे कीटकतज्ज्ञ चार्ल्स रायली यांनी पडताळून सांगितलं की अमेरिकेत वेलीच्या पानावर गाठी करणारा किडा आणि फ्रान्सच्या मुळावरचा किडा एकच.

मग उपाय सुरू झाले, आणि ते वाचताना मला आपलंच गाव आठवलं. एकानं म्हणे वेलीखाली जिवंत बेडूक पुरला, विष शोषून घेईल म्हणून. काहींनी हिवाळ्यात चाळीस-चाळीस दिवस बाग पाण्याखाली बुडवून ठेवली. त्यानं किडा खरंच मरायचा, पण नदीकाठच्या सपाट रानातच ते जमणार. कार्बन डायसल्फाइड जमिनीत टोचायची मोठी पिचकारी निघाली. ते औषध विषारी, पेट घेणारं आणि महाग, मोठ्या बागायतदारालाच परवडणारं. सरकारनं १८७४ साली खात्रीच्या उपायाला तीन लाख फ्रँकचं बक्षीस लावलं. ते शेवटपर्यंत कुणालाच दिलं नाही. बोर्दोच्या लालिमान यांनी अमेरिकन वेलींचा उपाय मांडला होता आणि बक्षिसावर हक्कही सांगितला. पण कलम करून किडा मरत नाही, फक्त वेल वाचते, असं म्हणून त्यांना नाकारलं. वर याच माणसानं किडा आणला असेल हा संशयही होताच.

१८७५ साली फ्रान्समध्ये सुमारे साडेआठ कोटी हेक्टोलिटर वाईन झाली होती. १८८९ साली ती सव्वादोन-अडीच कोटींच्या आसपास आली. चौदा वर्षांत पाऊण पीक गेलं. लोक गाव सोडून अल्जीरियाला, अमेरिकेला गेले.

उपाय दिसत होता तरी मान्य व्हायला वेळ लागला. अमेरिकन मुळावर फ्रेंच डोळा भरायचा. पण भीती अशी की अमेरिकन रानवेलीच्या द्राक्षाला जो उग्र वास असतो तो वाईनमध्ये उतरेल, आणि आमच्या वाईनचं नाव जाईल. बर्गंडीच्या मुख्य भागात तर १८८७ पर्यंत अमेरिकन वेली आणायलाच बंदी होती. रोमाने-काँती नावाची जगातली सगळ्यात महागड्या बागांपैकी एक बाग १९४५ पर्यंत स्वतःच्या मुळावर उभी ठेवली, औषधं टोचून टोचून. शेवटी तिथंही कलमं आली.

आणि कलमाला आणखी एक अडचण होती, ती आपल्या माणसाला लगेच कळेल. पहिल्यांदा आणलेले रिपारिया, रुपेस्ट्रिस हे खुंट चुनखडीच्या जमिनीत पिवळे पडायचे. लोह उचलता यायचं नाही. कोन्याक भागात जमीन सगळी चुन्याची. म्हणून १८८७ साली सरकारनं माँपेलिएच्या पिएर व्हियाला यांना अमेरिकेला पाठवलं: चुन्यात वाढणारी रानवेल शोधा. ते हिंडत हिंडत टेक्सासमधल्या डेनिसन गावी पोचले, थॉमस व्होल्नी मन्सन यांच्याकडे.

हा माणूस मला फार आवडला. रोपवाटिका चालवायचा, आणि आयुष्यभर घोड्यावरून, रेल्वेनं, पायी रानात फिरून द्राक्षवेली गोळा करायचा, त्यांची नोंद ठेवायचा. कुठली वेल कुठल्या मातीत, कुठल्या दुष्काळात टिकली, हे त्याला पाठ. त्यानं व्हियालांना टेक्सासच्या चुनखडीच्या टेकड्यांवरच्या बर्लांडिएरी वगैरे रानवेली दाखवल्या. काड्यांच्या मोळ्या फ्रान्सला गेल्या. १८८८ साली फ्रेंच सरकारनं त्याला शेतीचा सन्मान दिला. आपल्या त्या शेजाऱ्याचा ११० आर हा बर्लांडिएरी आणि रुपेस्ट्रिस यांचाच संकर.

आणि त्याच मन्सननं टेक्सासच्या बेल तालुक्यातून एक वेल निवडली होती, डॉग रिज नावाच्या जागेजवळची. रिज म्हणजे डोंगराची धार. कुत्र्याची धार! आपण जोडून डॉगरीज केलं. ही जात चॅम्पिनी, रानातच आपोआप झालेल्या संकराची. आणि चॅम्पिनीला शास्त्रीय नाव कुणी दिलं माहितीये? प्लान्शाँ यांनीच, ज्यांनी १८६८ ला निरोगी वेल खणली होती. हे वाचलं तेव्हा मी उठून बागेत गेलो आणि खुंटाकडे बघत उभा राहिलो.

आपल्याकडे डॉगरीज पसरला तो १९९० नंतर. फायलोक्झेरासाठी नव्हे, बोअरचं पाणी खारं झालं, दुष्काळ वाढले, स्वमुळावरचा थॉम्पसन वाळायला लागला, म्हणून. त्यानं आपल्या बागा वाचवल्या, त्याबद्दल वाद नाही. माझं म्हणणं वेगळं आहे, आणि कृषी पदवीधर मंडळींनी मला चूक असेल तर सांगावं. एवढ्या मोठ्या पट्ट्यात जवळजवळ सगळ्यांनी एकाच खुंटावर उभं राहणं मला धोक्याचं वाटतं.

त्याला कारण कॅलिफोर्निया. १९७६ च्या २४ मे रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर नावाच्या इंग्रज वाईन व्यापाऱ्यानं नऊ फ्रेंच परीक्षकांना झाकलेल्या बाटल्या चाखायला दिल्या, मला दिल्या तशाच. त्यात फ्रान्सच्या नामांकित आणि कॅलिफोर्नियाच्या कुणाला फारशा ठाऊक नसलेल्या. पांढऱ्यात शातो माँतेलेना आणि लाल वाईनमध्ये स्टॅग्ज लीप पहिली आली, दोन्ही कॅलिफोर्नियाच्या नापा खोऱ्यातल्या आणि दोन्ही १९७३ च्या. परीक्षकांनी एकमेकांच्या खंडाच्या वाईन उलट्या ओळखल्या. मी माझी ओळखली नाही याचं दुःख हे वाचून जरा हलकं झालं. नापाचं नाव झालं, बागा वाढल्या. पण त्यातल्या पुष्कळ बागा एएक्सआर-१ या एकाच खुंटावर. वाढ जोमदार, माल भरपूर, विद्यापीठाची शिफारस. त्या खुंटाच्या रक्तात निम्मी युरोपची वेल होती आणि इतर देशांत तो किड्यापुढे हरलेला होता. तरी इथं चालतोय म्हणून लावत राहिले. १९८० च्या दशकात फायलोक्झेराचा नवा प्रकार आला आणि हजारो एकर बागा उपटून पुन्हा लावाव्या लागल्या. जोमदार वाढ आणि भरपूर माल, हे शब्द आपण कुठल्या खुंटासाठी वापरतो?

फ्रान्सचं उरलेलं थोडक्यात सांगतो, कारण त्यात २००९ साल आहे. कलमं झाली, बागा पुन्हा उभ्या राहिल्या. पण मधल्या टंचाईत व्यापाऱ्यांना साखरेच्या पाण्याची आणि बेदाण्याची वाईन विकायची चटक लागली होती. खरा माल आला तेव्हा भाव कोसळले. दक्षिणेतल्या अर्जलिए गावात मार्सेलँ आल्बेर नावाचा छोटा बागायतदार होता, चहाटपरीसारखं एक कॅफे चालवायचा. १९०७ च्या मार्चमध्ये तो ८७ जणांना घेऊन चालत निघाला. पुढं दर रविवारी सभा. जूनमध्ये माँपेलिएला पाच लाखांवर माणूस जमला. गावोगावच्या महापौरांनी राजीनामे दिले, कर भरणं थांबलं. नार्बोनला गोळीबार झाला, माणसं मेली. तेव्हा सतराव्या पलटणीतल्या जवानांनी, जे याच शेतकऱ्यांची पोरं होते, बंड केलं. १९८० चं आपल्याकडचं ऊस-कांद्याचं आंदोलन ज्यांनी पाहिलंय त्यांना हे चित्र समजेल.

आणि मग आल्बेर एकटाच पंतप्रधान क्लेमाँसोला भेटायला पॅरिसला गेला. साधा माणूस. क्लेमाँसोनं त्याला गोड बोलून शांत केलं आणि घरी जायच्या तिकिटासाठी शंभर फ्रँकची नोट दिली. त्यानं घेतली. क्लेमाँसोनं ती गोष्ट पत्रकारांना सांगितली. परत गावी आला तर लोक म्हणाले, विकला गेला. पुढारपण तिथंच संपलं. आठवडाभरात भेसळीविरुद्धचा कायदा मात्र झाला: प्रत्येकानं पिकाचा आकडा जाहीर करायचा, साखरेवर नियंत्रण. पुढे १९३५ साली ठरलं की गावाचं नाव बाटलीवर लावायचं तर द्राक्ष त्याच हद्दीतलं, ठरलेल्या वाणाचं आणि ठरलेल्या पद्धतीनं पिकवलेलं पाहिजे. वाईन चाखणारे लोक ज्या ऐटीत गावाचं नाव उच्चारतात, त्या नावाच्या मागं ती शंभराची नोट आहे. आपल्याही नाशिक व्हॅली वाईनला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण माझ्या कराराच्या कागदावर २००९ साली त्या मानाचा एक शब्दही नव्हता.

आता बागेचं. मागच्या वर्षी शिराजच्या शेवटच्या चार ओळींत डॉगरीज काढून ११० आर लावला आणि पावसाळ्याअखेर कलम केलं. डोळा त्याच जुन्या शिराजचा. बाकीच्या ओळी तशाच ठेवल्यात, तुलनेसाठी. ०-०-५० शिराजला पूर्ण बंद केलंय, देठ परीक्षणात पालाश खाली येतोय. चाखायला दर हंगामाला जातो, आता स्वतःची वाईन ओळखतो. दोनदा बरोबर ओळखली, एकदा पुन्हा चुकलो. तोडणीआधी आठवडाभर मणी चावून बघतो: बी तपकिरी झालं का, सालीतला तुरटपणा मऊ झाला का. नुसत्या रिफ्रॅक्टोमीटरवर तोडा ठरवत नाही. गेल्या साली पाच दिवस आधी आणि पहाटे चारला तोडणी केली. त्या पोरीनं सांगितलं, सामू ३.७.

त्या हंगामाची एक बाटली तिनं घरी दिली. आबांनी बाटली हातात घेऊन उजेडात धरली, बूच काढायला लावलं, लांबूनच वास घेतला आणि म्हणाले, "करवंदं." मग माळेला हात लावून आत गेले.

नव्या चार ओळींना यंदा प्रत्येकी दोन-तीनच घड ठेवणार, वेल लहान आहे. फेब्रुवारीत दोन्ही खुंटांचा रस वेगवेगळा तपासून घेईन. ब्रिक्स, सामू, पालाश, तिन्ही आकडे इथं टाकतो. कुणाच्या बागेत ११० आर किंवा ११०३ पी वर लाल वाण असेल तर गेल्या तोडणीचा सामू कळवा, जमीन कुठली तेही लिहा.